मणिभवनची शनिवारची सहल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहल जाहीर झाल्यापासून कट्ट्याच्या ग्रुपवर, लिफ्टमध्ये, अगदी भाजी घेतानासुद्धा तेच ते प्रश्न येताहेत. प्रत्येकाला वेगळं काहीतरी सांगून गोंधळ वाढवण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबली आहेत, ती मुद्दाम. त्या घरात उभं राहून वीस जणांना कुजबुजत सांगण्यापेक्षा इथे निवांत वाचलेलं बरं.

आपण नेमकं कुठे चाललो आहोत?

गावदेवीला, लॅबर्नम रोडवरच्या मणिभवनला. तळमजला आणि वर दोन मजले असलेलं जुनं घर आहे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की बहुतेक वेळा इथेच उतरायचे. १९५५ साली गांधी स्मारक निधीने ते घर स्मारक म्हणून घेतलं. आज तिथे संग्रहालय आणि ग्रंथालय आहे, आणि गांधीजींची खोली तेव्हा होती तशी मांडून ठेवली आहे.

वाटेत ऑगस्ट क्रांती मैदान लागेल, पुढे गिरगाव चौपाटी, मग गिरगावात जेवण. पण मुख्य काम त्या एका घराचं. बाकीचं वाटेवरचं.

म्हणजे गांधीजींचं मुंबईतलं घर ना?

नाही! हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की सगळ्यात आधी हेच निस्तरते. घर रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं. गांधीजी तिथे पाहुणे. आपल्याकडे मुंबईत आलेला गाववाला जसा ठरलेल्या घरी उतरतो, तसे ते उतरायचे. फरक एवढाच, की या पाहुण्याला भेटायला अख्खं शहर लोटायचं आणि अधूनमधून पोलीसही यायचे.

ही ओळख जुनी. १८९१ साली बॅरिस्टर होऊन गांधीजी मुंबईत उतरले, ते डॉ. प्राणजीवन मेहतांच्या घरी. रेवाशंकरभाई या डॉक्टरांचे भाऊ, धंदा जवाहिरांचा. गांधीजी ज्यांना फार मानत ते जैन विचारवंत श्रीमद् राजचंद्र याच पेढीतले भागीदार आणि याच कुटुंबाचे जावई. मणिभवन पुढे आलं. पण 'मुंबईत आलो की रेवाशंकरभाईंकडे' हे तेव्हापासूनच्या नात्यातून आलेलं आहे.

मला विचाराल तर या घरात गांधीजींइतकंच कौतुक यजमानांचं करायला हवं. घरात पाहुणा चार दिवस राहिला तरी आपली तारांबळ उडते. इथे सतरा वर्षांत वेळोवेळी उपास झाले, सभा झाल्या, सरकारने बंदी घातलेल्या पुस्तकांच्या विक्रीचे बेत झाले, गच्चीवर तंबू पडला आणि शेवटी त्या तंबूतून पाहुण्याला पकडूनही नेलं. घर बघताना हे डोक्यात असू द्या. जिना चढताना, खोलीच्या दारात उभं राहताना, 'हे सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी राहत्या घरात चाललं होतं' एवढं आठवलं की फोटोंच्या फलकांपलीकडचं बरंच दिसायला लागतं.

एका घरासाठी अख्खी सकाळ? त्यात आणखी चार ठिकाणं बसली असती.

बसली असती. बस केली असती तर सकाळी वस्तुसंग्रहालय, दुपारी राणीबाग, संध्याकाळी हाजी अली असंही झालं असतं, आणि रात्री कुणालाच काही आठवलं नसतं. मणिभवन तसं लहान आहे. घाईने फिरलात तर वीस मिनिटांत बाहेर पडाल आणि 'एवढंच?' म्हणाल. म्हणूनच आपण दोन तास ठेवले आहेत.

किती वाजता, कुठे जमायचं, कसं जायचं?

शनिवारी सकाळी सव्वाआठला मुलुंड स्टेशनवर, तिकीट खिडकीजवळ. तिकीट आदल्या दिवशी मोबाइलवर काढा किंवा थोडं आधी या. रांगेत उभ्या असलेल्या माणसासाठी गाडी सोडायची नाही असं ठरलंय. मुलुंडहून दादर, पूल चढून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर, तिथून चर्चगेटची स्लो. स्लोच. फास्ट लोकल ग्रँट रोडला थांबत नाही, ती मुंबई सेंट्रलहून थेट चर्चगेटला नेऊन सोडते.

महिला डब्यात बसणाऱ्यांनी खुशाल तिथे बसावं, दादरला पुलाच्या पायथ्याशी भेटू. ग्रँट रोडला पश्चिमेला उतरायचं, नाना चौकातून पुढे चालत. नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेट. त्यांच्याविषयी चौकात उभं राहून बोलायची माझी फार इच्छा आहे, पण तिथल्या हॉर्नांपुढे कुणाचं काही चालत नाही.

रविवार का नाही ठेवला? शनिवारी आमची अर्धी सुट्टी असते.

मेगाब्लॉक. मध्य रेल्वेवर माटुंगा–मुलुंड ब्लॉक लागला की आपल्या पंचवीस मिनिटांच्या प्रवासाचं काय होतं ते मुलुंडकरांना मी सांगायला नको. अर्ध्या सुट्टीवाल्यांनी रजा टाकावी किंवा पुढच्या वेळी यावं.

मी अंधेरीला मुलीकडे असणार आहे. थेट आले तर चालेल?

चालेल. अंधेरीहून स्लो पकडा, किंवा मरोळ बाजूला असाल तर भुयारी मेट्रो ३ ला ग्रँट रोड स्टेशन आहे. थेट येणाऱ्यांनी साडेनऊपर्यंत ऑगस्ट क्रांती मैदानाच्या दाराशी थांबावं. मणिभवनशी परस्पर जाऊ नका. आपण एकत्र आत जाणार आहोत.

ऑगस्ट क्रांती मैदानात काय बघण्यासारखं आहे? मैदानच तर आहे.

मैदानच आहे. सकाळी गेलात तर क्रिकेट चालू असेल, कडेने फेऱ्या मारणारे असतील. पूर्वी इथे गवळी गुरं धुवायला आणायचे तो तलाव होता, म्हणून गवालिया टँक. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री 'छोडो भारत'चा ठराव इथे मंजूर झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पुढारी तुरुंगात गेलेले असताना, अरुणा असफ अलींनी इथे झेंडा फडकवला.

त्याच्या शेजारचं तेजपाल सभागृह आपल्यापैकी अनेकांनी नाटकासाठी पाहिलं असेल. तिथल्याच गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत २८ डिसेंबर १८८५ ला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, ७२ प्रतिनिधी आले होते. खरं तर ते पुण्यात व्हायचं होतं. पुण्यात कॉलऱ्याची साथ आली म्हणून मुंबईत हलवलं. कट्ट्यावरच्या पुणेकरांनी हे वाचून घ्यावं, त्या दिवशी वाद नकोत.

मैदानातून मणिभवन चालत दहा-बारा मिनिटं.

१९४२ ला गांधीजींना मणिभवनातूनच पकडलं होतं ना?

नाही. हा घोळ कायम होतो, कारण मैदान आणि घर इतकं जवळ आहे. १९४२ मध्ये ते मलबार हिलवर बिर्ला हाऊसमध्ये होते, ९ ऑगस्टला पहाटे तिथून अटक झाली. १९३४ नंतर मणिभवनचा मुक्काम थांबलाच होता.

मणिभवनातली अटक त्याच्या दहा वर्षं आधीची, ४ जानेवारी १९३२ ची. गोलमेज परिषदेहून गांधीजी २८ डिसेंबर १९३१ ला मुंबईत उतरले. जवाहरलाल नेहरू आणि खान अब्दुल गफार खान तोवर तुरुंगात गेले होते. मणिभवनात काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका झाल्या, सविनय कायदेभंग पुन्हा सुरू करायचं ठरलं. गांधीजी गच्चीवर तंबूत झोपायचे. पहाटेच्या अंधारात पोलीस कमिशनर गच्चीवर आले. त्या दिवशी सोमवार होता, म्हणजे गांधीजींचा मौनाचा दिवस. तेव्हा जे काही सांगायचं ते कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून. इंग्रज लेखक व्हेरियर एल्विन आणि त्यांचे मराठी मित्र शामराव हिवाळे त्या वेळी पाहुणे म्हणून याच घरात होते. एल्विननी ती पहाट पुढे लिहून ठेवली. अटक करायला आलेला अधिकारी बोलतोय आणि ज्याला अटक होतेय तो हसून चिठ्ठी लिहितोय, हा प्रसंग मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त लक्षात राहिला आहे.

मग गच्ची बघायला मिळेल का?

धरून चालू नका. सोडलं तर नशीब.

आत नेमकं काय काय आहे?

तळमजल्यावर ग्रंथालय. हजारो पुस्तकं, गांधीजींवरची आणि त्यांनी वाचलेलीही. पहिल्या मजल्यावर सभागृह. जिन्याच्या भिंतींवर छायाचित्रं लावली आहेत, पोरबंदरपासून ओळीने. त्यामुळे जिना चढता चढताच एक आयुष्य पुढे सरकतं. इथे सगळ्यांची रांग अडते, तेव्हा पुढच्याने पाऊल पुढे टाकत राहावं.

दुसऱ्या मजल्यावर ती खोली. आपण काचेबाहेरून बघायचं. जमिनीवर गादी, लोड, लिहायला बुटकं मेज, चरखे. बस्स. इतक्या सामानाची खोली म्हटल्यावर लोक दोन मिनिटांत वळतात. वळू नका. त्या खोलीत तुम्हाला एक गोष्ट ऐकू यायला हवी, आणि ती पिंजाऱ्याची आहे.

पिंजाऱ्याची? ती काय गोष्ट?

गांधीजींनी आत्मकथेत सांगितलेली आहे. माझ्या मते मणिभवनातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चरखा हिंदुस्थानभर शोधूनही मिळत नव्हता, तो शेवटी गंगाबेन मजुमदार यांनी बडोदा संस्थानातल्या विजापूरला शोधून काढला. आता चरखा आहे, पण पेळू कुठे? पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची ती मऊ वळकटी. ती चांगली नसेल तर सूत तुटतं, कातणारा वैतागतो. गांधीजी तेव्हा मुंबईत रेवाशंकरभाईंकडे होते. आणि घरासमोरून रोज एक पिंजारी धनुकली वाजवत जायचा. गाद्या भरणारा, आपल्याकडेही अगदी परवापरवापर्यंत ज्याचा 'टंऽऽण' असा आवाज गल्लीत यायचा, तोच. गांधीजींनी त्याला वर बोलावलं. गाद्यांचा कापूस पिंजतो म्हणाला. पेळू करून देशील का? देईन म्हणाला, पण दर भरमसाट सांगितला. गांधीजींनी तो दिला!

असं काढलेलं सूत वैष्णव मित्रांना विकलं, पवित्रा एकादशीच्या माळांसाठी. आजारपण चालू होतं, खोलीत चरखा घुमायचा; आपण बरे झालो त्यात त्या गुणगुणण्याचाही वाटा आहे असं गांधीजी म्हणतात. कबूल करतात की तो परिणाम शरीरापेक्षा मनावर जास्त असेल.

देशाचं खादीचं अर्थशास्त्र वगैरे नंतर. आधी एक पाहुणा खिडकीतून पिंजाऱ्याची चाहूल घेतोय, आणि पिंजारी गिऱ्हाईक बघून भाव वाढवतोय. काचेसमोर उभे राहाल तेव्हा रस्त्याकडे कान द्या. आता तिथून पिंजारी जात नाही, पण रस्ता तोच आहे.

खोलीपलीकडे काही?

त्याच मजल्यावर छोट्या बाहुल्यांचे देखावे आहेत, गांधीजींच्या आयुष्यातल्या एकेका प्रसंगाचे. मोठी माणसं ते 'मुलांचं' म्हणून टाळतात आणि मग तिथेच सगळ्यात जास्त रेंगाळतात.

पत्रांसमोर मात्र थांबा. २३ जुलै १९३९ ला गांधीजींनी हिटलरला लिहिलेलं पत्र आहे. युद्ध टाळू शकेल असा जगातला एकच माणूस तुम्ही आहात, अशा अर्थाचं. सरकारने ते पुढे जाऊ दिलं नाही. सुरुवात 'प्रिय मित्र' अशी आहे. मागच्या रांगेत यावर हमखास कुणीतरी हसतं. हसा, पण पत्र पूर्ण वाचून मग हसा. शिवाय १९४२ मधलं रूझवेल्टना लिहिलेलं पत्रही आहे.

१९१९ च्या सत्याग्रहाचा या घराशी काय संबंध?

घट्ट संबंध. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाची मुंबईतली सूत्रं इथून हलली. ६ एप्रिल १९१९ ला हरताळ होता. सकाळी हजारो लोक चौपाटीवर समुद्रात स्नान करून मिरवणुकीने माधवबागेकडे गेले. संध्याकाळी बंदी असलेली पुस्तकं उघड्यावर विकायची होती, त्यात गांधीजींचं 'हिंद स्वराज्य'. किंमत चार आणे. पण चार आणे देऊन सुटे परत मागणारा विरळाच. एकाने एका प्रतीला ५० रुपये दिल्याची आठवण गांधीजींनी लिहिली आहे. दुसऱ्या दिवशी, ७ एप्रिलला, 'सत्याग्रही' नावाचं साप्ताहिक सरकारी नोंदणी न करता काढलं. नोंदणी न करणं हाच कायदेभंग.

गंमत बघा, त्या पुस्तकांबद्दल सरकारने कुणालाच पकडलं नाही. ही नवी छपाई आहे, बंदी जुन्या आवृत्तीवर होती, असं म्हणून हात झटकले. लोक चार आण्यांचे रुपये देऊन तुरुंगात जायला तयार आणि सरकार नेईना!

दोन वर्षांनी याच घरात अगदी उलटा प्रसंग घडला. नोव्हेंबर १९२१ मध्ये इंग्लंडचे युवराज मुंबईत उतरले, बहिष्कार पुकारला होता, आणि १७ तारखेला दंगल पेटली. बहिष्काराच्या बाजूच्या लोकांनीच पारशी, ख्रिस्ती मुंबईकरांवर हात टाकला. १९ तारखेपासून गांधीजींनी उपास धरला आणि शहर निवळल्यावर २२ ला सोडला. 'आपल्या' लोकांविरुद्धचा उपास होता तो. फलकावर याला दोन ओळी मिळतात, मी तिथे थोडी जास्त बोलणार आहे.

बाबासाहेब आणि गांधीजी पहिल्यांदा इथेच भेटले, हे खरं?

खरं. १४ ऑगस्ट १९३१. गांधीजी ६१ वर्षांचे, बाबासाहेब ४० चे. भेट गोड झाली नाही. सुरुवातीला गांधीजी इतरांशी बोलत राहिले आणि आलेल्या पाहुण्याकडे लक्ष गेलं नाही, ते बाबासाहेबांना खटकलं. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर काँग्रेसने नुसती मान्यता दिली, केलं काही नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. 'मला मायभूमी नाही' हे त्यांचं सुप्रसिद्ध वाक्य याच भेटीतलं. ज्या देशात कुत्र्यामांजरापेक्षा वाईट वागणूक मिळते, पाणी प्यायला मिळत नाही, त्या देशाला माझा देश कसा म्हणू, असा सवाल होता तो. महाडच्या तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा चारच वर्षं झाली होती.

आणि गांधीजींना तोवर वाटत होतं की डॉ. आंबेडकर हे अस्पृश्यांविषयी कळवळा असलेले कुणी ब्राह्मण असावेत! गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाईंच्या डायरीत ही नोंद आहे. दुसऱ्याच दिवशी बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी बोटीने निघाले. तिथे दोघं पुन्हा समोरासमोर आले, आणि पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात पुणे करार.

मणिभवनातून बाहेर पडताना बहुतेकांच्या हातात चरख्याचा फोटो असतो. मराठी माणसाने या भेटीचा विचार केल्याशिवाय तिथून निघू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाची बाजू घ्यायची ते जेवताना ठरवू.

मग दादरला उतरतोच आहोत तर राजगृहही का नाही?

बरोबर प्रश्न, नको हे उत्तर. राजगृह हे बाबासाहेबांनी आपल्या पुस्तकांसाठी हिंदू कॉलनीत बांधलेलं घर आहे. ते 'वाटेत' उरकायचं ठिकाण नाही. त्याची वेगळी सहल करू.

आम्ही गांधींना मानत नाही. यावं का?

यावं, आणि गप्प बसू नये. कट्टा आहे, सत्संग नाही. फक्त संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांशी आणि शाळेच्या मुलांसमोर वाद घालायचा नाही. गिरगावात मिसळ समोर आली की तोंड सुटू द्या.

गुडघ्यांचा त्रास आहे. जमेल का?

चालणं एकूण तीन-साडेतीन किलोमीटर, सपाट, मध्ये थांबत थांबत. खरी अडचण जिन्यांची: दादरचा पूल, आणि घरातले दोन मजले. सावकाश चढा, कुणी मागे लागणार नाही. अगदीच नको असेल तर तळमजल्यावर ग्रंथालय आहे, तिथे बसून वाचा. मी वरचं सगळं खाली येऊन सांगेन. ग्रँट रोडहून टॅक्सी करायची असेल तर तिघं-चौघं मिळून करा, भाडं जवळचं म्हणून कुरकुर करतील, तरी येतात.

मुलांना आणू का?

चौथी-पाचवीच्या पुढची आणा. बकरीच्या दुधाची गोष्ट त्यांना जरूर सांगणार आहे: गाई-म्हशीचं दूध न घेण्याचं व्रत, १९१९ च्या सुरुवातीला मुंबईतलं आजारपण, दुधाशिवाय अंगात ताकद येणार नाही असं बजावणारे डॉक्टर, आणि 'बकरीच्या दुधाला कुठे नाही म्हटलंय' हा कस्तुरबांचा युक्तिवाद. गांधीजी हरले. पुढे आयुष्यभर ती पळवाट त्यांना टोचत राहिली. आईने असं कुणाला बोलण्यात पकडलं की मुलांना फार आवडतं.

अगदी लहानांना नको. काचेला हात लावू नको, आवाज करू नको, हे ऐकून ती कंटाळतील, तुम्हीही.

उषा मेहतांबद्दल काही ऐकलं होतं. त्यांचा इथला काय संबंध?

१९४२ मध्ये गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवणाऱ्या उषाताई तेव्हा विशीतल्या होत्या, शिकत होत्या. ४२.३४ मीटरवर 'हिंदुस्थानातून कुठूनतरी' असं सांगत प्रक्षेपण व्हायचं, जागा बदलत राहायच्या, तरी नोव्हेंबरात पकडले गेले. पुढे त्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या आणि मणिभवनचं काम त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं, अध्यक्षही होत्या. आपण चौपाटीकडे जाताना विल्सन कॉलेजवरून जाऊ, तिथेच त्या शिकल्या.

मणिभवनात मुक्काम करणाऱ्यांत १९५९ साली मार्टिन ल्यूथर किंगही होते. २०१० मध्ये ओबामा येऊन गेले, पण ते राहिले नाहीत. त्यांना रस्ता बंद करून आणावं लागलं.

जेवणाचं काय?

मणिभवनातून साधारण बाराला निघू. चौपाटीवर टिळकांच्या पुतळ्यापाशी पाच मिनिटं. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य गेले ते सरदारगृहात, क्रॉफर्ड मार्केटजवळ. अंत्यसंस्कार मात्र खास परवानगीने इथे, वाळूवर. तिरडीला खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते. ऊन असेल, टोपी असू द्या.

मग गिरगावात. फणसवाडीच्या कोपऱ्यावरचं विनय हेल्थ होम डोक्यात आहे. वीस जणांना एकदम टेबल मिळणार नाही, चार-चारच्या टोळ्या करून बसायचं आणि जागा होईल तसं जायचं. मिसळ घ्या. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी आधी सांगावं, नंतर ताकासाठी धावाधाव नको. डबा आणणाऱ्यांनी तो मणिभवनात उघडू नये, हॉटेलातही नाही. चौपाटीवर सावली शोधावी लागेल.

बिल ज्याचं त्याने. चर्नी रोडहून परत. चारपर्यंत मुलुंड.

स्वच्छतागृहाची सोय?

घरून निघताना, आणि जेवायच्या ठिकाणी. बायकांना हे सांगावं लागत नाही, पुरुषांना सांगतेय.

वर्गणी किती?

माणशी १०० रुपये. त्यातून संग्रहालयाला कट्ट्यातर्फे देणगी जाईल आणि चहा होईल. रेल्वे तिकीट, जेवण आपलं आपण. उरले तर पुढच्या सहलीला.

फोटो काढता येतील?

तिथे जे लिहिलं असेल आणि कर्मचारी जे सांगतील ते पाळायचं. काचेवर फ्लॅश मारला तर फोटोत फक्त तुम्हीच दिसाल. खोलीसमोर वीस जणांचा ग्रुप फोटो नाही. तो बाहेर रस्त्यावर झाडांखाली काढू.

आधी काही वाचून यायचं का?

आत्मकथेच्या पाचव्या भागातली शेवटची प्रकरणं वाचलीत तर सोनं. रौलट, तो एप्रिलचा आठवडा, चरखा, सगळं तिथे सलग आहे. मराठी अनुवाद कट्ट्याच्या कपाटात आहे, दोन प्रती. नेणाऱ्याने वहीत नाव लिहावं.

चुकामूक झाली तर?

फोन करत बसू नका, गर्दीत ऐकू येत नाही, ग्रुपवर लिहा. साडेनऊपर्यंत चुकलात तर मैदानाचं दार, बारापर्यंत मणिभवनचं दार, त्यानंतर टिळकांचा पुतळा. एकच्या पुढे चुकलात तर आम्ही फणसवाडीच्या नाक्यावर असू, आणि तुमची मिसळ सांगून ठेवलेली नसेल.